गिरणीच्या दालनात खोत कुठे आहे?

(गिरणी प्रदर्शन दालनाच्या मजकूर समितीला खुले पत्र)

समितीच्या सर्व सदस्यांना नमस्कार.

बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात मुंबईच्या औद्योगिक आरंभाचे दालन उभे राहते आहे आणि त्यातल्या फलकांचा कच्चा मजकूर तुम्ही नागरिकांच्या हरकतींसाठी खुला केलात, याबद्दल आधी आभार मानते. असे करण्याची तुमच्यावर सक्ती नव्हती. मी तो मजकूर वाचला, हरकती लिहून पाठवल्या, आणि मला उत्तर आले: ‘आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे. जागेच्या मर्यादेमुळे मजकुरात वाढ शक्य नाही.’

जागेची मर्यादा मला समजते. पण त्याच मजकुरात चिमणीवर रात्री होणाऱ्या रोषणाईला एक अख्खा फलक आहे, बॉयलरच्या खोलीत होणाऱ्या उपाहारगृहाची माहिती आहे, आणि ज्यांच्या हातांनी गिरण्या चालल्या त्या माणसांसाठी मात्र एकच वाक्य आहे: ‘रोजगाराच्या शोधात कोकणातून मोठ्या संख्येने लोक मुंबईत आले.’ या एका वाक्यावर गप्प बसणे मला जमले नाही, म्हणून हे पत्र तुमच्या नावे, पण सगळ्यांना वाचता येईल असे लिहीत आहे.

माझा संबंध थोडक्यात सांगते. आजोबा संगमेश्वर तालुक्यातून आले आणि साचे खात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात लागले. आजी रीळ खात्यात होती. वडीलही गिरणीतच होते, १९८२ च्या संपापर्यंत. मी स्वतः लालबागच्या शाळेत इतिहास शिकवला. इंग्लंडची औद्योगिक क्रांती शिकवताना आर्कराइट, वॅट, स्टीफन्सन ही नावे मुले घडाघड म्हणत. मग मी विचारायची, ‘तुमचे पणजोबा गाव सोडून इथे का आले?’ वर्ग शांत. एखादा म्हणायचा, ‘बाई, गावाला काम नव्हतं.’ तुमच्या फलकावरही तेच उत्तर आहे. चौथीच्या मुलाकडून ते मी मान्य करत असे. तज्ज्ञांच्या समितीकडून कसे करू?

पहिली हरकत भांडवलाबद्दल आहे.

तुमचा पहिला फलक सांगतो की १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी दूरदृष्टीने मुंबईची पहिली कापड गिरणी काढली. साल बरोबर आहे. कंपनी १८५४ ची, ताडदेवची गिरणी सुरू झाली १८५६ ला, यंत्रे आली लँकेशायरच्या ओल्डहॅम गावच्या प्लॅट ब्रदर्सकडून. दावरांच्या धाडसाबद्दल मला काही म्हणायचे नाही. इंग्लंडचे कापड बंदरात येऊन पडत असताना इथे सूत काढायला घेणे हे धाडसच होते. पण पाच लाखांचे भागभांडवल उभे राहील इतका पैसा मुंबईत कुठून साचला होता, हे तुम्ही सांगत नाही. ‘व्यापारातून’ एवढाच शब्द आहे. कसल्या व्यापारातून?

मुंबईच्या बड्या घराण्यांची संपत्ती जिथून आली त्यात दोन माल ठळक आहेत: चीनला जाणारा कापूस आणि चीनलाच जाणारी माळव्याची अफू. हे काही गुपित नाही. ज्यांच्या नावाने या शहरात रुग्णालये, कलाशाळा, वाचनालये उभी आहेत त्या जमशेटजी जीजीभॉय आणि डेव्हिड ससून यांच्या व्यापारात अफू होती हे इतिहासाच्या कोणत्याही गंभीर अभ्यासकाला माहीत आहे. पुढे ससून घराण्याने गिरण्याही काढल्या. मी हे कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायला लिहीत नाही. त्या काळी हा धंदा कायदेशीर होता, किंबहुना सरकार स्वतः त्यावर महसूल कमवत होते. पण धाडसाचे श्रेय छापायचे आणि पैशाचा उगम गाळायचा, याला निवडक स्मरण म्हणतात.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा उल्लेख तुम्ही केला आहे, पण तिथेही अर्धीच गोष्ट आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा कापूस लिव्हरपूलला जाईना, तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला, शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँका आणि समुद्र हटवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या, हे तुमच्या फलकावर रंगवून आले आहे. १ जुलै १८६५ ला सगळे कोसळले, तेही आहे. पण ते तुम्ही शेअरबाजारापाशी थांबवता. भाव चढलेले असताना सावकाराने दख्खनच्या कुणब्याला हात सैल सोडून कर्ज दिले, भाव पडल्यावर त्याच कर्जासाठी जमिनी लिहून घेतल्या, शिवाय सरकारने शेतसाराही वाढवला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांच्या वह्या आणि खतपत्रे, म्हणजे कर्जाचे कागद, जाळली गेली आणि पुणे-नगर भागात दंगे पसरले, ते त्यानंतर. पाठोपाठ १८७६-७८ चा दुष्काळ आला. तो पुरता सरायच्या आत सोलापूरची ‘जुनी मिल’ आणि नागपूरची एम्प्रेस मिल, दोन्ही १८७७ साली सुरू झाल्या. गिरण्यांना मजूर कसे मिळाले याचे उत्तर शोधताना हे सगळे सालांनिशी एकाच फलकावर मांडा. वाचणारा पुढचे स्वतः ओळखेल.

दुसरी हरकत कोकणाची. हिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, आणि शीर्षकातला प्रश्नही इथलाच आहे.

जुना रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून. १८८१ च्या जनगणनेत मुंबईच्या पावणेआठ लाख वस्तीत रत्नागिरीत जन्मलेले सव्वा लाखाच्या आसपास होते. १९११ च्या गणनेत गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरीचे निघाले. एकाच जिल्ह्याने इतकी माणसे का द्यावीत? ठाणे, कुलाबा (आजचा रायगड) हे जिल्हे मुंबईला त्याहून जवळ होते. समुद्रमार्ग स्वस्त होता हे खरे. आगबोटी बंदराबंदराला लागत. पण बोट माणसाला घेऊन जाते, घराबाहेर काढत नाही. बाहेर काढणारी गोष्ट घरातच होती, आणि तिचे नाव खोती.

ज्यांना खोती म्हणजे काय हे आजोबांच्या तोंडून ऐकायला मिळाले नाही त्यांच्यासाठी सांगते. गावचा सारा सरकारला भरण्याचा मक्ता खोताकडे. कूळ जमीन कसणार आणि पिकाचा वाटा खोताच्या खळ्यावर नेऊन घालणार, कुठे तिसरा हिस्सा, कुठे थेट निम्मा. वर वेठ आलीच: खोताच्या शेतावर फुकट नांगर धरायचा, त्याच्या घराची शाकारणी करायची, त्याची पालखी वाहायची. भातखाचरे थोडी, बाकी वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, नाचणी-वरीची. आमच्या घरी सांगत की दिवाळीनंतर भात खायचे ते पाहुणा आला तर. यात एक माणूस मुंबईला गेला की एक तोंड कमी होई, आणि महिन्याला रोख पैसा येई. रोख पैसा महत्त्वाचा, कारण तो खोताच्या खळ्यावर जात नसे.

खोतीचा कायदा १८८० चा. त्याने कुळांना काही संरक्षण दिले, खोतांचे हक्कही पक्के केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून आले. त्या मोर्चाला गिरणगावातले लोक पाठीशी होते, कारण त्यांचीच घरे त्या खोतांच्या गावांत होती. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. म्हणजे मुंबईची पहिली गिरणी निघाल्यापासून पुढची जवळपास शंभर वर्षे कोकणातून माणूस ढकलणारे हे यंत्र चालू होते. ते ना लोखंडाचे होते ना वाफेचे, म्हणून तुमच्या दालनात त्याला जागा नाही.

लष्करभरतीचेही तसेच. कोकणचे मराठे आणि महार पूर्वी पलटणीत जात, पेन्शनचा पैसा गावात येई. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरकारचे लक्ष उत्तरेच्या ‘लढवय्या’ जातींकडे वळले, महारांची भरती बंद पडली, आणि ती वाट मिटली. मग उरली गिरणी.

याच्या उलट बाजूला जे घडले ते मला याहून महत्त्वाचे वाटते, आणि तुमच्या मजकुरात त्याचा मागमूस नाही. गिरणीत पुरुष आला, बहुतेकदा एकटा. बायको, पोरे, म्हातारी माणसे गावी. तो गावमंडळाच्या खोलीत वीस-पंचवीस जणांबरोबर पाळीपाळीने झोपायचा, खानावळीत जेवायचा आणि मनीऑर्डर धाडायचा. मजुरी ठरायची ती एकट्याच्या पोटाच्या हिशेबाने. त्याची पोरे वाढवण्याचा, तो आजारी पडला तर पडून राहण्याचा, म्हातारा झाला की मरेपर्यंत पोसण्याचा खर्च गावाने उचलला. म्हणजे गावात राहिलेल्या बाईने, चिखलात उभे राहून भात लावत. संप झाला तरी तोच आधार. मालकांनी कामगारांना ‘हे काय शेतकरीच, कंटाळले की गावी पळतात’ म्हणून वर्षानुवर्षे नावे ठेवली. पण गाव मागे होते म्हणूनच इतक्या कमी पगारात माणूस मिळत होता. मुंबईच्या गिरण्यांच्या नफ्यात रत्नागिरीच्या बायकांच्या राबण्याचा वाटा आहे असे मी म्हणते, ते ऐकायला भावनिक वाटत असेल, पण हा साधा जमाखर्च आहे.

तिसरी हरकत: साचे खाते.

विणकामाच्या खात्यावर तुमचा फलक देखणा झाला आहे. धोट्याचे, म्हणजे मागावर आडवे सूत नेणाऱ्या साधनाचे, चित्र मोठे छापले आहे, त्याची रचना समजावली आहे. त्याच चित्रातल्या छोट्या भोकाकडे बोट दाखवून मला एक गोष्ट सांगायची आहे. धोट्यातली सुताची कांडी संपली की विणकर नवी कांडी धोट्यात घालत असे आणि सुताचे टोक तोंडाने ओढून त्या भोकातून बाहेर काढत असे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागत. म्हणून सवर्ण विणकरांनी अस्पृश्यांना साचे खात्यात येऊ दिले नाही. गिरणीतली चांगली मजुरी विणकामात होती. दलित कामगार मुख्यतः सूतकताईच्या रिंग खात्यात, कमी पगारावर राहिले. १९२८ च्या मोठ्या संपात मालकांपुढे मागण्यांची यादी गेली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना या भेदभावाचा जाब विचारला होता.

माझे आजोबा साचे खात्यात होते. आपल्याला तिथे जागा मिळाली आणि शेजारच्या गावच्या, तितक्याच हुशार माणसाला मिळाली नाही ती कशामुळे, हे त्यांना ठाऊक होते. घरात मात्र ते कधी बोलले गेले नाही. तुमच्या एका सदस्यांनी बैठकीत हा विषय ‘वादग्रस्त’ ठरवून बाजूला ठेवल्याचे ऐकले. यात वाद कसला? कारखाना आला की जात आपोआप विरघळते, असे मानणारे तेव्हाही होते. ती विरघळली नाही, तिला खाती वाटून मिळाली. औद्योगिकीकरणाच्या सामाजिक परिणामांवर दालन काढायचे आणि हे गाळायचे, हे चालणार नाही.

चौथी हरकत बायकांची, आणि त्यांच्या तान्ह्या मुलांची.

तुमच्या मजकुरात स्त्री कामगार एकाच छायाचित्रात आहेत, तळटीप ‘महिला कामगार, सुमारे १९२०’. त्या काळात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत एक बाई होती. कांडी भरणे, रीळ काढणे ही कामे त्यांची. त्यांच्यावर नाईकीण असे. कामावर घेणे, काढणे, खाडा माफ करणे तिच्या हाती. पुरुषांकडे हेच काम जॉबर करी, आणि दस्तुरी, म्हणजे नोकरीसाठीची लाच, दोघांनाही द्यावी लागे. जॉबर तुमच्या फलकावर आहे, ‘पर्यवेक्षक’ म्हणून. त्याला कामगार काय म्हणत ते मी इथे लिहीत नाही.

नोकरीवरून परतून स्वयंपाक, पाणी, धुणे हे वेगळे सांगायला नको. पण तान्ह्या मुलाचे काय करायचे? पाळणाघरे नव्हती. बाळाला बाळगोळी देऊन झोपवायचे आणि कामावर जायचे. बाळगोळीत अफू असे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी करायला एका डॉक्टरबाईंना नेमले होते. त्यांच्या अहवालात हे नोंदलेले आहे, आणि असे करणाऱ्या आया अपवाद नव्हत्या, जवळजवळ सगळ्याच होत्या. माझ्या आजीने थोरल्या काकांना ती गोळी दिली होती. ती हे सांगताना ना लाजायची ना रडायची. ‘मग काय करणार होते?’ इतकेच म्हणायची.

ज्या मालाच्या नफ्यातून शहरात भांडवल साचले, तोच माल दोन पिढ्यांनंतर गिरणीतल्या बाईच्या लेकराच्या जिभेवर आला. तुमच्या दालनात पहिल्या खोलीत एक आणि शेवटच्या खोलीत दुसरी गोष्ट मांडलीत तर वर काही लिहायचीही गरज पडणार नाही.

याच्या जोडीला एक आकडा द्या. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ च्या आसपास बालके वर्षाच्या आत गेली. बाळंतपणाला गावी जाणाऱ्या बायका पुष्कळ, जन्माची नोंदही अर्धवट, त्यामुळे हा आकडा फुगलेला आहे हे त्या काळीही सांगितले गेले होते; तेही जरूर छापा. पण फुगवटा काढूनही तो भयंकरच राहतो, आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तो सर्वांत वाईट होता. त्या वेळी शहरातली बहुतेक बिऱ्हाडे एकखोलीच होती. बीडीडी चाळी तेव्हा नुकत्याच बांधायला घेतल्या होत्या. प्रसूतीच्या रजेचा पैसा मिळण्याचा कायदा मुंबईत १९२९ ला झाला. त्यानंतर काही वर्षांनी गिरण्यांतून बायका कमी होऊ लागल्या. पाळणाघर काढण्यापेक्षा बाईच कामावर न ठेवणे मालकांना स्वस्त पडत होते.

वेळेबद्दलची हरकत लहान आहे, पण तीत एका माणसाचे नाव आहे आणि ते तुमच्या संपूर्ण मजकुरात नाही, याचे मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटले.

सुरुवातीला गिरणी सूर्याच्या हिशेबाने चाले: उजाडल्यावर सुरू, अंधारल्यावर बंद. हिवाळ्यात दिवस लहान, उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांचा. पुढे विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या सुमारास पंधरा तासांपर्यंत साचे चालू राहू लागले. गिरणी इतकी चालवायची का, याचेही कारण होते. गिरणीचा कारभार पाहणाऱ्या चालक घराण्याला कमिशन मिळे ते अनेक ठिकाणी रतलामागे (पौंडामागे) पाव आणा, म्हणजे उत्पादनावर. भागधारकाला नफा होवो न होवो, सूत निघाले की चालकाचा पैसा सुटला. असे असताना सूत कातणाऱ्या चाती थांबवील कोण?

पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालची मुले कामावर ठेवायला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांच्या मुलाला नऊ तास, ही सुधारणा होती! मोठ्यांसाठी काहीच नाही. या कायद्यामागे मँचेस्टरच्या मालकांचा स्वार्थ होता हे खरे, मुंबईचे सूत त्यांना डोईजड झाले होते. त्या स्वार्थाकडे बोट दाखवून आपल्याकडच्या बहुतेक देशी वृत्तपत्रांनी कामगार कायद्यालाच विरोध केला, हेही तितकेच खरे. मालक इंग्रज नव्हता, आपला होता, म्हणून कामगाराने सोसावे असा तो युक्तिवाद. त्याच्या विरोधात ज्या मोजक्या माणसांनी आवाज उठवला त्यांत नारायण मेघाजी लोखंडे पहिले. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक, स्वतः गिरणीत भांडारपालाची नोकरी केलेले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांची सभा भरवली. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, जखमी झालेल्याला मदत. साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जावर सह्या-अंगठे केले. एप्रिल १८९० मध्ये दहा हजारांची सभा झाली आणि तीत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने गेले.

तुमच्या दालनाची वेळ पत्रकात छापली आहे: सोमवारी बंद, रविवारी सकाळी दहा ते रात्री आठ. रविवारी येणाऱ्यांना आपल्याला हा वार मोकळा कुणामुळे मिळाला, एवढे तरी दारात कळू द्या.

प्लेगचा फलक ठीक आहे. साथ ओळखणारे डॉ. व्हिएगस, लस काढणारे हाफकिन, वस्त्या सुधारण्यासाठी नेमलेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, सगळे आले आहे. एकच भर घाला. १८९७ च्या सुरुवातीला निम्मे शहर पळाले, तेव्हा उरलेल्या कामगारांसाठी गिरण्यांचे जॉबर रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून एकमेकांवर चढी बोली लावत होते, आणि पगार रोजच्या रोज रोखीने देत होते. एरवी महिना-महिना पगार थकवून ठेवणारे हेच लोक. पगार वेळेवर देणे अशक्य नव्हते, हे त्या दिवसांत सिद्ध झाले.

आणखी एक छोटी दुरुस्ती. ‘गिरण्यांमुळे हातमाग नष्ट झाला’ हे वाक्य काढा. लँकेशायरच्या आणि नंतर मुंबईच्या सुताने हाताने सूत काढणाऱ्यांचा धंदा संपवला, आणि सूत काढणाऱ्या मुख्यतः घरोघरच्या बायका होत्या. विणकर मात्र तेच गिरणीचे सूत घेऊन टिकून राहिले, हाल सोसत, भाव पाडून. येवल्याला जाऊन बघा. सोलापूर, मालेगाव, भिवंडीचे विणकर पुढे बहुतांशी यंत्रमागाकडे वळले.

आता मागण्या.

‘लोक आले’ हे वाक्य काढून त्या जागी खोती, कर्ज, दुष्काळ आणि बंद झालेली लष्करभरती यांवर एक पूर्ण फलक असावा, आणि गावी राहिलेल्या बायकांच्या श्रमाचा त्यात उल्लेख असावा. भांडवलाच्या फलकावर अफू हा शब्द यावा. साचे खात्यातल्या अस्पृश्यतेची माहिती धोट्याच्या चित्राशेजारीच यावी, दुसऱ्या कोपऱ्यात नव्हे. स्त्री कामगार, बाळगोळी आणि बालमृत्यू यांना मिळून एक फलक द्यावा. नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आणि १८८४ च्या मागण्या प्रवेशद्वाराजवळ लावाव्यात. जागा कमी पडत असेल तर रोषणाईचा फलक काढावा; चिमणी लोकांना तशीही दिसतेच.

गिरणी कामगारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायचे काम ‘पुढच्या टप्प्यात’ टाकले आहे. ते पहिल्या टप्प्यात घ्यावे. ज्यांनी गिरणीत काम केले त्या पिढीतल्या बायका आता ऐंशीच्या घरात आहेत, पुढचा टप्पा त्यांच्यासाठी थांबणार नाही.

शेवटचे, कामकाजाबद्दल. हरकतींची मुदत संपत आली आहे आणि सुनावणी तुम्ही कामाच्या दिवशी सकाळी अकराला, दक्षिण मुंबईतल्या कार्यालयात ठेवली आहे. ती लालबाग-परळ भागात, रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर घ्यावी, मजकूर मराठीत छापून आधी वाटावा, आणि विरार, डोंबिवली, पनवेलला फेकल्या गेलेल्या गिरणी कामगारांच्या कुटुंबांना येता येईल इतके दिवस आधी कळवावे. सभागृह मिळवून देण्याची व्यवस्था आम्ही आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांकडून करू. तारीख तुम्ही द्या.

आपली,
लालबागची एक निवृत्त शिक्षिका